कंपनीच्याच ऑक्सिजन सेन्सरवरून ट्रकच्या इंजिनाचे हवा-इंधन प्रमाण पाहता येते का?

द्राक्षवाट (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २०२१ सालचा, साडेतीन टनांच्या आतला, चार सिलिंडरचा आणि १२ व्होल्टचा सीएनजी मालट्रक आहे. आणीबाणीसाठी पाच लिटरची पेट्रोल टाकीही आहे. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातला माल मी वाशीला नेतो आणि परतताना भिवंडीचे भाडे घेऊन कसारा घाट चढून नाशिकला येतो. गेल्या तीन महिन्यांत ॲव्हरेज किलोला १४ किलोमीटरवरून १२.३ वर आले आहे. चेक लाइट लागलेला नाही, गाडी मिसिंगही मारत नाही. एका गॅरेजने काहीही न तपासता ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले.

म्हणून मी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे ब्लूटूथचे ओबीडी यंत्र घेऊन मोबाइलवर पाहू लागलो. ॲपमधली हवा-इंधन प्रमाणाची तबकडी जवळजवळ सतत १४.७ दाखवते, तर पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सारखे उड्या मारते. गाडी अधिक गॅस पीत आहे हे पंपावरच्या पावत्या सांगतात आणि तबकडी सर्व ठीक असल्याचे सांगते. कंपनीने बसवलेल्या सेन्सरवरून खरे प्रमाण कळते का, की त्यासाठी प्रमाणाचा नेमका आकडा मोजणारा वेगळा वाइडबँड सेन्सर आणि मीटर बसवावा लागेल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लॅम्डा_सातपूर

प्रथम त्या १४.७ चा निकाल लावू, कारण तो आकडा आपल्या गाडीचा असूच शकत नाही. एक किलो मिथेन पूर्ण जाळण्यासाठी ४ किलो ऑक्सिजन लागतो, आणि हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्केच असल्यामुळे त्यासाठी साधारण १७.२ किलो हवा घ्यावी लागते. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तो सुमारे १३.५ वर येतो. इंधनागणिक आकडा बदलत असल्यामुळे या क्षेत्रातले लोक लॅम्डा वापरतात. हवा नेमकी जुळली तर लॅम्डा १, हवा जास्त असेल तर १ पेक्षा अधिक, इंधन जास्त असेल तर कमी. आपले ॲप बहुधा इंजिनाच्या संगणकाने ठरवलेला लॅम्डा घेऊन त्याला १४.७ ने गुणत आहे. म्हणजे तबकडीवर दिसते ते लक्ष्य आहे. धुरात प्रत्यक्ष काय चालले आहे, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

आता सेन्सरकडे येतो. आपल्या गाडीत ज्याचे व्होल्टेज उड्या मारते तो नॅरोबँड प्रकारचा आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकची छोटी टोपी धुरात बुडालेली असते, तिच्या आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा असते, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीमुळे तिच्यावर विद्युतदाब तयार होतो. टोपी सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याखेरीज हे काम सुरू होत नाही, म्हणून आत हीटर असतो. बॉशने घडवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर प्रथम आला. त्या वेळी त्याच्याकडून एकच अपेक्षा होती आणि आजही तीच आहे: मिश्रण लॅम्डा १ च्या कोणत्या बाजूला आहे एवढे सांगणे. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा बजर आपल्याला ठाऊक असतो. टाकीत अर्धे पाणी आहे की पाव, हे त्या बजरला विचारून उपयोग नसतो.

ही मर्यादा आकड्यांत पाहिल्यावर पटते. सेन्सर ७०० अंशांवर आहे असे धरू. धुरात १ टक्का ऑक्सिजन असेल, म्हणजे लॅम्डा सुमारे १.०५, तर ऑक्सिजनच्या तफावतीवरून विद्युतदाब काढणाऱ्या नेर्न्स्टच्या सूत्राने जवळपास ६४ मिलिव्होल्ट येतात. ऑक्सिजन ५ टक्के झाला, म्हणजे लॅम्डा सुमारे १.३ वर गेला, तर ३० मिलिव्होल्ट येतात. किंचित पातळ (म्हणजे हवा जास्त असलेले) मिश्रण आणि फार पातळ मिश्रण यांत अवघा ३४ मिलिव्होल्टचा फरक, आणि ओबीडीवर हे व्होल्टेज ५ मिलिव्होल्टच्या पायरीने येते, म्हणजे सगळा खेळ सहा-सात पायऱ्यांचा. त्यात सेन्सर १५० अंशांनी अधिक तापला तर ६४ चे ७४ होतात. इंधन जास्त असलेल्या बाजूलाही तसेच आहे. तिथे ०.८ ते ०.९ व्होल्टमध्ये जे चढउतार दिसतात, त्यांत तापमानाचा वाटा इतका मोठा असतो की ०.८५ म्हणजे अमुक प्रमाण, असे लिहिलेल्या तक्त्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तेव्हा उड्या मारणारे व्होल्टेज हा दोष नाही. संगणक इंधन थोडे वाढवतो, सेन्सर ०.४५ व्होल्टची रेघ ओलांडतो, संगणक इंधन कमी करतो, सेन्सर परत येतो. हा झोपाळा चालू असणे हे नॅरोबँड प्रकृतीने ठणठणीत असल्याचे पहिले लक्षण आहे.

अंबडचा_पाना

वरचा प्रतिसाद योग्यच आहे, पण त्यावरून धागाकर्त्याने कंपनीच्या सेन्सरवरून काहीच कळत नाही असा अर्थ काढू नये. सेन्सर रेघ दाखवतो आणि त्या रेघेवर राहण्यासाठी संगणकाला किती धडपड करावी लागते, ते फ्युएल ट्रिम सांगते. आम्ही गॅरेजमध्ये व्होल्टेजकडे एकदा पाहतो आणि ट्रिमकडे दहा वेळा.

ट्रिम दोन असतात. अल्पकालीन ट्रिम सेन्सरबरोबर क्षणाक्षणाला हलते, दीर्घकालीन ट्रिम त्यातून सवय शिकून ठेवते. दोन्हींची बेरीज अधिक १७ आली, तर मूळ हिशेबापेक्षा १७ टक्के इंधन जास्त दिले जात आहे, कारण सेन्सर वारंवार हवा जास्त असल्याचे कळवत आहे. दहाच्या आत असेल तर मी सहसा गाडी उघडत नाही. चेक लाइट नाही यावर मात्र विसंबू नये. मिश्रणात हवा जास्त असल्याचा पी०१७१ हा कोड येण्याची मर्यादा कंपनीने बरीच वर ठेवलेली असते, आणि तिच्या खाली राहून गाडी महिनोन्महिने खिसा कापत राहते.

कृपया चार परिस्थितींतले आकडे द्यावेत: इंजिन गरम झाल्यावर आयडलला, सपाट रस्त्यावर साधारण २००० आरपीएमला, घाटात भरलेल्या गाडीने चढताना, आणि शेवटी पेट्रोलवर करून पुन्हा आयडलला. ॲपमध्ये एका वेळी दोनच गोष्टी निवडाव्यात. स्वस्त यंत्राकडून एकदम दहा आकडे मागितले की प्रत्येकाची पाळी एक-दोन सेकंदांनी येते, आणि सेकंदाला एकदा झुलणारा सेन्सर मग ठप्प झाल्यासारखा किंवा वेड्यासारखा दिसतो. त्या चित्रावरून चांगले सेन्सर बदललेले मी पाहिले आहेत. गाडी चालवताना मोबाइल हातात घेऊ नये. ॲपला नोंद करून ठेवायला सांगावे आणि घरी येऊन पाहावे.

आणखी एक विनंती. सायलेन्सरवर दोन सेन्सर असतील. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, आपल्या कामाचा. मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो आणि तो राहिलाच पाहिजे. तो कन्व्हर्टरवर नजर ठेवण्यासाठी आहे. तो हलत नाही म्हणून खराब, असे सांगणारे भेटतील.

कसारा_दुसरा_गिअर

एक विनाखर्चाची चाचणी सुचवतो. नाशिकहून मुंबईकडे घाट उतरताना आपण गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडतो, तेव्हा इंजिन इंधन पूर्ण बंद करते आणि सायलेन्सरमधून केवळ हवा जाते. त्या वेळी पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज क्षणार्धात शून्याजवळ आले पाहिजे आणि पाय दिल्यावर तितक्याच चपळाईने वर गेले पाहिजे. ते रेंगाळत असेल तर सेन्सर आळसावला आहे. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना ही चाचणी मिळणार नाही, आणि ब्रेकही मिळणार नाहीत.

द्राक्षवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन फेऱ्यांच्या नोंदी घेतल्या. दोन्ही ट्रिमची बेरीज आयडलला अधिक १९, द्वारका ते घोटी या टप्प्यात स्थिर वेगाला अधिक १३ ते १५, आणि भिवंडीचा माल भरून घाट चढताना अधिक ५ किंवा ६ आहे. घाटात फ्युएल सिस्टिमची स्थिती ‘क्लोज्ड लूप’, म्हणजे संगणक सेन्सरवर विसंबून इंधन ठरवतो आहे, अशीच होती. पेट्रोलवर आयडलला अधिक १८ आले. घाट उतरताना व्होल्टेज ०.०२ पर्यंत खाली आले आणि पाय देताच ०.८ च्या वर गेले. नोंदीत मधला एकही आकडा दिसत नाही, इतके ते झटपट झाले.

अंबडचा_पाना

फारच उपयोगी नोंदी आहेत. पेट्रोलवरही तेवढीच ट्रिम आली, म्हणजे गॅसचे रेग्युलेटर, फिल्टर आणि गॅस इंजेक्टर हे सर्व निर्दोष सुटले. दोन वेगळ्या इंधनांच्या दोन वेगळ्या व्यवस्था एकाच वेळी सारख्याच बिघडतील हे संभवत नाही. सेन्सरही घाटात उत्तम वागला. लोड वाढल्यावर ट्रिम कमी होते, यावरून इंधनाचा पुरवठा अपुरा नाही हेही ठरते, कारण तसे असते तर घाटातच आकडा सर्वांत वाईट आला असता.

उरल्या दोन शक्यता. एक तर इंजिनाला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून चोरटी हवा आत येते आहे, किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचे पॅकिंग गळते आहे. दोन्हींत आयडलची ट्रिम जास्त आणि लोडवर कमी, असेच चित्र दिसते.

लॅम्डा_सातपूर

या दोघांत निवड करायला धागाकर्त्याच्या पंपावरच्या पावत्या उपयोगी पडतात. इनटेकमधून चोरटी हवा आली तर संगणक तिच्या प्रमाणात इंधन वाढवतो, मिश्रण पुन्हा बरोबर होते, आणि तेवढ्याच ताकदीसाठी चालकाचा पाय थोडा कमी दाबला जातो. अशा दोषात ट्रिम वाढलेली दिसते, पण ॲव्हरेजला फारसा धक्का बसत नाही. एक्झॉस्ट गळत असेल तर गोष्ट उलटी होते. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा सिलिंडरमध्ये कधी गेलेलीच नसते, पण सेन्सरला ती दिसते. संगणक बिचारा तिच्यासाठी इंधन वाढवतो आणि सिलिंडरमध्ये खरोखरच गरजेपेक्षा जास्त गॅस जातो. आपले ॲव्हरेज १२ टक्क्यांनी खाली आले आहे आणि फेरीभराची सरासरी ट्रिमही त्याच घरातली आहे, म्हणून माझे मत एक्झॉस्टच्या बाजूने आहे.

सेन्सर येथे खोटे बोलत नाही, हे लक्षात घ्यावे. त्याच्यासमोर जो ऑक्सिजन आला तो त्याने प्रामाणिकपणे कळवला. नवा सेन्सर बसवला असता तर त्यानेही तेच कळवले असते.

चांदवड_बाराटायर

विषय डिझेलकडे वळवतो त्याबद्दल क्षमस्व. माझा ट्रक बीएस ६ डिझेल आहे. त्यावर असेच काही पाहता येईल का? राहुड घाटात गाडी दम टाकते आहे.

लॅम्डा_सातपूर

पाहता येईल, परंतु हिशेब वेगळा आहे. पेट्रोल-सीएनजी इंजिनात लॅम्डा १ राखणे हे लक्ष्य असते. डिझेल इंजिन नेहमीच जास्त हवेवर चालते, आणि प्रमाण किती आले हा टर्बो व इंधन यांच्या मेळाचा परिणाम असतो. नॅरोबँड तिथे लावला तर तो कायम तळाशी पडून राहील. आपल्या गाडीवर मात्र २४ व्होल्टचे नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर आहेत. तेही झिर्कोनियाचेच असतात आणि नॉक्सबरोबर ऑक्सिजनची टक्केवारीही मोजतात. जे१९३९ या संदेशपद्धतीत पहिल्या नॉक्स सेन्सरचा संदेश ६१४५४ क्रमांकाचा असतो आणि त्यातच ऑक्सिजनचा आकडा येतो. चारपाचशे रुपयांचे ओबीडी यंत्र तो सहसा वाचत नाही, त्यासाठी ट्रकचा स्कॅनर हवा.

ढोबळ हिशेबाने ऑक्सिजन १०.५ टक्के म्हणजे लॅम्डा २, आणि ४.८ टक्के म्हणजे लॅम्डा १.३. पूर्ण लोडवर आकडा १.३ च्या खाली जाऊ लागला की काजळी वाढू लागते. दम टाकणाऱ्या गाडीत घाटात ऑक्सिजन फार कमी दिसला तर हवा कमी पडते आहे, म्हणजे टर्बोची नळी, इंटरकूलर किंवा एअर फिल्टर पाहावा. ऑक्सिजन भरपूर आणि ताकद मात्र नाही, असे दिसले तर इंधन कमी पडते आहे किंवा संगणकाने मुद्दाम रोखले आहे. उतारावर इंधन बंद असताना आकडा २१ च्या जवळ येतो की नाही हे आधी पाहावे, म्हणजे सेन्सरची पारख होईल. याहून अधिक चर्चेसाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती.

मीटरप्रेमी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा धागाकर्त्याने सरळ वाइडबँड बसवावा असे मला वाटते. त्यातला पंपाचा कप्पा ऑक्सिजन आत-बाहेर ढकलतो आणि त्याला लागणाऱ्या प्रवाहावरून लॅम्डाचा खरा आकडा मिळतो. बजर आणि मोजपट्टी यांत निवड करायची असेल तर मी मोजपट्टी घेईन.

अंबडचा_पाना

इंजिनात बदल करून त्याचे ट्यूनिंग करणाऱ्याने वाइडबँड जरूर घ्यावा. भाड्याच्या गाडीत दोष शोधण्यासाठी मी तो सुचवणार नाही. या प्रकरणात तो कंपनीच्या सेन्सरशेजारी बसला असता तर फटीतून आलेली हवा त्यालाही दिसली असती, आणि त्याने मोठ्या डौलाने लॅम्डा १ दाखवला असता. शिवाय बाजारातले बहुतेक मीटर पेट्रोलचे आकडे छापतात, म्हणजे तबकडीवर पुन्हा तेच १४.७.

काहीजण वेल्डिंग टाळण्यासाठी कंपनीचा सेन्सर काढून त्याच जागी वाइडबँड बसवतात किंवा कंपनीच्या वायरीला जोड देऊन मीटर लावतात. हे करू नये. सेन्सरची सिग्नल वायर फार नाजूक असते, स्वस्त मीटर तिच्यावर भार टाकून संगणकालाच चुकीचे व्होल्टेज दाखवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, अनेक सेन्सरांमध्ये टोपीच्या आतली स्वच्छ हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच पोहोचते. तिथे सोल्डरिंगचा डाग दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरले की सेन्सरचा श्वास कोंडतो.

मीटरप्रेमी

वायरीतून हवा जाते ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या स्वतःच्या गाडीत मी डाग दिलेला आहे. आज संध्याकाळी उघडून पाहतो.

पीयूसी_रांगेत

थोडे अवांतर वाटेल, पण स्वतंत्र पडताळणीचा एक मार्ग आपल्या सर्वांच्या हाताशी आहे. पेट्रोल-सीएनजी गाड्यांच्या पीयूसीला जिथे चार वायू मोजणारे यंत्र असते, तिथे २५०० आरपीएमच्या चाचणीत लॅम्डाही येतो आणि तो १ च्या ०.०३ अलीकडे-पलीकडे असावा लागतो. ती चिठ्ठी बहुतेक लोक न वाचता डॅशबोर्डमध्ये कोंबतात.

लॅम्डा_सातपूर

सूचना चांगली आहे, फक्त या गाडीत ती कितपत उपयोगी पडेल याबद्दल मी साशंक आहे. फटीतून आलेल्या हवेने कन्व्हर्टरमध्ये जास्तीचा कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकला असेल, तर यंत्राला शेवटी सर्व आलबेल दिसेल. इनटेकचा किंवा गॅसचा दोष असता तरी ट्रिमने तो झाकलाच असता.

द्राक्षवाट (धागाकर्ता)

उशिरा लिहितो आहे, मधले दिवस मालाचे होते.

पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून सुरू केले आणि कान दिला. पहिली दोन-तीन मिनिटे मॅनिफोल्डच्या बाजूने बारीक टिकटिक ऐकू आली आणि इंजिन तापल्यावर ती विरून गेली. इतके दिवस तो आवाज टॅपेटचा समजत होतो. आडगावला एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअरने हवा दिली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरची नळी जिथे जुळतात तिथे, सेन्सरच्या अगदी वीतभर अलीकडे, बुडबुड्यांची रांग उठली. उघडल्यावर पॅकिंग एका बाजूने जळून पातळ झालेले निघाले आणि फ्लँजच्या त्या कडेवर राखाडी पंख्यासारखा डाग होता. एका बोल्टचा आटाही सैल होता. कधीतरी क्लचच्या कामात ती नळी सोडली गेली होती, तेव्हापासूनच हे सुरू झाले असावे, कारण तारखा जुळतात.

नवे पॅकिंग टाकले, दोन्ही बोल्ट बदलले आणि स्कॅनरवरून जुनी शिकलेली ट्रिम पुसली. आज तिसऱ्या फेरीनंतर आयडलला अधिक ३, सपाटीला अधिक २, घाटात उणे १ आहे. ॲव्हरेज पावतीवरून १३.८ आले. सेन्सर जुनाच आहे.

एक शंका उरली आहे. मिस्त्री त्या सांध्याला पॅकिंगबरोबर लाल सिलिकॉनही लावणार होते, मी नको म्हटले. ते बरोबर केले का?

अंबडचा_पाना

अगदी बरोबर केले. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोपीवर पांढरा थर धरते आणि चांगला सेन्सर काही दिवसांत मंद होतो. त्या सांध्याला कोरडे पॅकिंगच बसते. हजार किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना ते दोन बोल्ट एकदा पुन्हा कसून घ्यावेत, आणि त्याच दिवशी ट्रिमचे आकडे येथे टाकावेत.